बहुवार्षिक तणे (सेंद्रिय ज्वारीशेतीतील बंदोबस्त)

जमिनीतल्या काशा (आडवी पसरणारी पेरेदार खोडे), गाठी किंवा मुळखोडांपासून दरवर्षी फुटणारी तणे. दख्खनच्या काळ्या रानात हरळी, लव्हाळा आणि कुंदा ही त्यांतली चिवट त्रयी. सेंद्रिय शेतीत रासायनिक तणनाशके वर्ज्य असल्याने सारी मदार मशागतीच्या वेळेवर, उन्हावर आणि सावलीवर असते. नुसत्या खुरपणीने वरचा पाला जातो, तण राहते.

हरळीच्या बहुतेक काशा वरच्या वीतभर थरात असतात. रब्बीचे पीक निघताच नांगरट करून ढेकळे तापू द्यावीत आणि उभ्या-आडव्या पाळ्या (कुळवाच्या फेऱ्या) घालून काशा वेचाव्यात. ओलीत रोटाव्हेटर फिरवणे सर्वांत महागात पडते. काशीचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा रुजतो. वेचलेल्या काशा बांधावर फेकल्या तर पहिल्या पावसात पुन्हा रानात उतरतात. बांधावरची हरळी मात्र माती धरून ठेवते, ती उपटू नये. ती रानात शिरू नये म्हणून बांधालगत फूटभर खोल चर काढावा.

लव्हाळा याहून अवघड. त्याच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि शेंड्याकडची गाठ मागच्यांना फुटू देत नाही. नांगराने माळ तुटली की सगळ्या फुटतात. उन्हाळ्यात हे फायद्याचे, कारण उघड्या पडलेल्या गाठी वाळून मरतात. पावसाळ्यात एकच पाळी घालून थांबले तर लव्हाळा उलट वाढतो. नवा कोंब साधारण तीन आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतो, म्हणून पाळ्यांमधले अंतर १५ ते २० दिवसांपेक्षा जास्त नसावे. रब्बी ज्वारीचे रान खरिपात मोकळेच असते, ही मोठी सोय. सलग वाफसा (मशागतीजोगी ओल) मिळत नसेल तर हेक्टरी ५० ते ६० किलो बियाण्याने दाट ताग पेरून फुलोऱ्यात गाडावा. सावलीने लव्हाळा खुरटतो, पण गाठी मरत नाहीत. प्लॅस्टिकचे आच्छादनही त्याचे टोकदार कोंब भेदतात.

कुंद्याची मुळखोडे नांगराच्या तासाखाली जातात. तो ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, तेव्हा ठिपका लहान असतानाच पहार-टिकावाने खणून काढणे परवडते.

उभ्या ज्वारीत तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी (ओळींमधली औताने मशागत) करतात. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे जमिनीच्या भेगाही बुजतात. ओळीतले तण कोळप्याला सापडत नाही, ते खुरप्यानेच काढावे लागते. कुळवाच्या पाशीत (पात्यात) अडकलेल्या काशा झाडल्याशिवाय औत दुसऱ्या रानात नेऊ नये.