ड्रायव्हरशेजारच्या सीटमधील सेन्सर : पार्श्वभूमी

ड्रायव्हरशेजारची सीट मागे सरकवून खाली डोकावल्यावर एअरबॅग व पट्ट्याच्या वायरी जोडणारे पिवळे कपलर किती दिसतील, हे ती गाडी कोणत्या देशाच्या नियमांसाठी बांधली आहे यावर बरेचसे अवलंबून असते. अमेरिकेत 1974 च्या मॉडेलांमध्ये गादीतला सेन्सर सीटच्या सुरक्षा पट्ट्याशी जोडला गेला आणि शेजारच्या माणसाने पट्टा लावला नाही तरी इंजिन सुरू होईना. किराण्याची पिशवीही त्याला माणूस वाटे. लोक वैतागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ही सक्ती कायद्यानेच मागे घेण्यात आली. सीटच्या पाठीच्या बाहेरील कडेत बाजूची एअरबॅग 1990 च्या दशकाच्या मध्याला आली.

खरा वाद मात्र 2000 सालच्या अमेरिकी नियमाचा आहे. पुढच्या एअरबॅगच्या धडकेने मुले दगावू लागल्यावर निर्मात्यांसमोर दोन वाटा ठेवण्यात आल्या : एअरबॅग मुलाला इजा होणार नाही इतकी सौम्य उघडावी, किंवा मूल ओळखून ती उघडूच नये. बहुतेकांनी दुसरी वाट धरली आणि माणूस ओळखण्याचे काम सीटवर येऊन पडले. चाचणीत सुमारे 23 किलोचा सहा वर्षांच्या मुलाचा पुतळा बसवला तर एअरबॅग बंद, सुमारे 49 किलोचा लहान चणीच्या स्त्रीचा बसवला तर चालू, असा भेद गादीखालच्या द्रवभरल्या पिशवीने किंवा सीटच्या आधारांतील ताणमापकांनी करायचा होता. जाड कव्हर किंवा वरून टाकलेली उशी एवढ्यानेही हा हिशेब बिघडू शकतो, म्हणूनच अशा अनेक सीटमध्ये फोम, पिशवी आणि वजनाचा हिशेब करणारे मॉड्यूल एकत्र जुळवलेला संचच बदलावा लागतो. त्यापेक्षा युरोपात रूढ झालेले, शेजारची एअरबॅग किल्लीने बंद करण्याचे बटण माणसाच्या आठवणीवर विसंबते खरे, पण निदान अंदाज बांधत नाही.

भारतात 1 जुलै 2019 पासून पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारा इशारा सक्तीचा झाला. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलांना 1 एप्रिल 2021 पासून आणि चालू मॉडेलांना त्या वर्षाअखेरपर्यंतच्या मुदतवाढीनंतर लागू झाली. सहा एअरबॅगांची सक्ती मात्र आधी पुढे ढकलली गेली आणि मग बारगळली. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक सीटमध्ये कव्हराखाली असते ती बसल्याचा दाब एवढाच ओळखणारी पातळ चटई. पट्टा लावूनही इशारा थांबत नसेल तर प्रथम बकलमधला स्विच आणि सीट सरकताना ताणली जाणारी वायर पाहावी. अमेरिकी मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवून वजनमापक शोधत बसणाऱ्याला तो बहुधा सापडत नाही.