लेसर वर्णपटविज्ञान : न्यायसहायक विज्ञान व रोगनिदान

पदार्थावर लेसर प्रकाश टाकून त्याने विखुरलेल्या, शोषलेल्या किंवा नव्याने बाहेर टाकलेल्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा आणि त्यावरून तो पदार्थ कोणता व कोणत्या अवस्थेत आहे हे ठरवायचे, अशा पद्धतींना मिळून लेसर वर्णपटविज्ञान म्हणतात. गुन्ह्याच्या तपासात आणि रोगनिदानात या पद्धतींना मागणी आहे ती एकाच कारणाने : नमुना जवळजवळ जसाच्या तसा राहतो. मुद्देमाल न्यायालयात पुन्हा हजर करावा लागतो आणि रुग्णाच्या गालाचा तुकडा दर भेटीत काढता येत नाही. ‘फॉरेन्सिक’साठी मराठीत सरसकट ‘न्यायवैद्यक’ लिहितात. तो शब्द शवविच्छेदन, जखमा, विषबाधा यांपुरता ठेवून शाई, काच, अमली पदार्थ यांच्या परीक्षणाला ‘न्यायसहायक विज्ञान’ म्हणणे अधिक बरे. मुंबईत कलिना येथे असलेल्या राज्य शासनाच्या प्रयोगशाळेच्या नावातही हाच शब्द आहे.

या पद्धतींपैकी सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो रामन प्रकीर्णनाचा (प्रकीर्णन म्हणजे प्रकाशाचे विखुरणे). एकाच रंगाचा प्रकाश रेणूवर पडला की त्यातला बहुतेक सगळा त्याच रंगाचा राहून विखुरतो. साधारण दहा लाख ते एक कोटी फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) एखादाच फोटॉन रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन रंग बदलतो. हा बदल रेणूतील बंधांवर अवलंबून असल्यामुळे वर्णपटात प्रत्येक रेणूचा रेषासमूह त्याचा स्वतःचा असतो.

या शोधाच्या अग्रहक्काचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. अशा प्रकीर्णनाचे सैद्धांतिक भाकीत आडोल्फ स्मेकल यांनी १९२३ मध्ये केले होते. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये फेब्रुवारी १९२८ मध्ये, आधी सूर्यप्रकाश व रंगीत गाळण्या वापरून, द्रवांमध्ये हा परिणाम पाहिला. त्यांचे टिपण १६ फेब्रुवारीचे आहे आणि ‘नेचर’मध्ये ते ३१ मार्चला छापून आले. पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात स्वतंत्र रेषा दिसल्या त्या २८ फेब्रुवारीला, आणि राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो तो याच तारखेला. मॉस्कोत लांड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वॉर्ट्झ स्फटिकात त्याच रेषा २१ फेब्रुवारीच्या सुमारास दिसल्याचे सांगितले जाते, पण त्यांचा लेख त्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला. रशियन ग्रंथांत या परिणामाला आजही ‘संयोगी प्रकीर्णन’ असे रामन यांचे नाव नसलेले नाव आहे. प्रसिद्धीची तारीख प्रमाण मानली तर कलकत्त्याचा दावा भक्कम ठरतो. नोबेल समितीनेही १९३० चे पारितोषिक एकट्या रामन यांना दिले. कृष्णन यांचा वाटा नेमका किती, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

पाऱ्याच्या दिव्याने एक वर्णपट घ्यायला कधीकधी कित्येक तास लागत. त्यामुळे तपासाच्या कामाला ही पद्धत निरुपयोगीच होती. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणिक लेसर चालवून दाखवला आणि दोन वर्षांतच पोर्टो व वुड यांनी तो रामन प्रकीर्णनासाठी वापरला. पुढची मोठी झेप १९७४ ची. साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा व मॅक्‌क्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या विद्युत अग्रावर (इलेक्ट्रोडवर) पिरिडिन या रसायनाचा अनपेक्षित ठळक वर्णपट मिळाला. पृष्ठभाग वाढल्यामुळे जास्त रेणू चिकटले असावेत, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये झ्यानमेर व व्हॅन डाइन यांनी, तसेच स्वतंत्रपणे आल्ब्रेख्ट व क्रायटन यांनी, हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे दाखवले, कारण तीव्रता लाख ते दहा लाख पट वाढलेली होती. धातूतील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनाने स्थानिक विद्युत क्षेत्र वाढते, हे कारण आज मुख्य मानतात आणि रासायनिक कारणाला दुय्यम स्थान देतात. अत्यल्प अमली पदार्थ किंवा रंगद्रव्य ओळखण्याचे प्रयत्न याच परिणामावर उभे आहेत.

प्रत्यक्ष कामात अडथळा येतो तो प्रतिदीप्तीचा, म्हणजे पदार्थाच्या स्वतःच्या चमकण्याचा. तिच्या झगमगाटात क्षीण रामन रेषा बुडून जातात. म्हणून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर सोडून ७८५ नॅनोमीटरचा, जवळपास अदृश्य लेसर घेतात. पण प्रकीर्णनाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने मूळ संकेत सुमारे एक-पंचमांश उरतो. शाईच्या परीक्षणात ही देवाणघेवाण रोजची आहे. चेकवरच्या १ चा ७ करणारी आडवी रेघ डोळ्यांना त्याच निळ्या बॉलपेनची दिसते. लेसरखाली दोन शायांची रंगद्रव्ये वेगळी निघाली तर फेरफार उघड होतो, तीच निघाली तर काहीच सिद्ध होत नाही. पांढरी पूड पॉलिथिनच्या पुडीतूनच तपासता येते, मात्र पिशवीच्या रेषा वजा कराव्या लागतात. काळ्या स्फोटक पुडीवर लेसर रोखू नये, कारण ती प्रकाश शोषून पेट घेऊ शकते.

एकट्या रेषेवर भिस्त ठेवता येत नाही, हे एका उदाहरणावरून कळते. कोकेनच्या वर्णपटात १००० प्रति सेंटिमीटरच्या (रामन रेषेची जागा सांगण्याच्या एककात) जरा वर एक टोकदार रेषा असते. फेनिलॲलॅनिन या अमिनो अम्लामुळे शरीरातील प्रथिनांतही जवळजवळ तिथेच रेषा येते. दोन्ही रेणूंत एकाच जागी जोडलेले बेंझीन वलय आहे आणि रेषा त्या वलयाच्या आकुंचन-प्रसरणाची आहे. तपासनीस आणि वैद्य दोघांनाही म्हणूनच संपूर्ण वर्णपट जुळवावा लागतो.

बोटांच्या ठशांसाठी लेसर वापरला जातो तो प्रतिदीप्तीसाठी. इथे हाच अडथळा साधन बनतो. १९७७ मध्ये कॅनडातील डॅलरिंपल, डफ व मेंझेल यांनी आर्गॉन आयन लेसरच्या प्रकाशात, कोणतेही रसायन न लावता, अदृश्य ठसे चमकताना दाखवले. हे ठसे नारिंगी चष्म्यातून पाहावे लागतात. ही चमक घामातील रिबोफ्लॅव्हिनसारख्या (ब-२ जीवनसत्त्वासारख्या) घटकांची की बोटाला लागलेल्या बाहेरच्या मळाची, याबद्दल मतभेद आहेत आणि दुसऱ्या शक्यतेला दुजोरा देणारे अभ्यासक कमी नाहीत. बंदुकीच्या गोळीचे अवशेष (शिसे, बेरियम, अँटिमनी) व काचेचे कण यांसाठी लेसरने सूक्ष्म ठिणगी पाडून मूलद्रव्यांच्या रेषा पाहतात. यात नमुन्यावर बारीक खड्डा पडतो, तेव्हा ‘नमुना शाबूत’ हे विधान इथे सैलपणेच घ्यायचे.

रोगनिदानात मुख्य भर कर्करोगावर आहे. आर. आर. आल्फानो यांच्या गटाने १९८० च्या दशकात निरोगी व कर्करोगी ऊतींची प्रतिदीप्ती वेगळी असल्याचे मांडले. नवी मुंबईतील खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात गालाच्या आतल्या त्वचेचे रामन वर्णपट थेट रुग्णाच्या तोंडात शलाका (प्रकाश नेणारी-आणणारी बारीक नळी) धरून घेतले गेले. तंबाखू-गुटख्याच्या प्रदेशात हा विषय निवडला जाणे साहजिकच होते. रुग्णाच्या विरुद्ध बाजूच्या, दिसायला निरोगी गालाचे वर्णपटही तिथे घेतले गेले. माँट्रिअलमध्ये २०१५ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेत हातात धरायच्या शलाकेने गाठीची हद्द शोधण्याचे काम प्रसिद्ध झाले. तरीही अंतिम निर्णय अद्याप सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतिपरीक्षेचाच असतो. वयाने, रक्ताने आणि शलाकेच्या दाबाने वर्णपट बदलतो, ही मोठी अडचण आहे. श्वासपरीक्षा हा त्यामानाने सोपा भाग : जठरातील हेलिकोबॅक्टर जिवाणू युरियाचे विघटन करतो, म्हणून रुग्णाला कार्बन-१३ (कार्बनचे जड समस्थानिक) असलेला युरिया पाजतात आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये त्या समस्थानिकाचे प्रमाण मोजतात. मापन लेसरने करता येते, इतर उपकरणेही चालतात.

भारतीय न्यायालयांत अशा अहवालाला तज्ज्ञाचे मत म्हणून स्थान मिळते (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ३९, पूर्वीचे पुरावा कायद्याचे कलम ४५). भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा असतो. पुरावा कोणत्या उपकरणाने तपासायचा, याबद्दल ते कलम काही सांगत नाही.