'शोले'चे दोन शेवट, दोन चौकटी: घरी पाहायची प्रत निवडताना

'शोले'च्या जुन्या डीव्हीडी चाळल्या की दोन आकडे हाती लागतात. एकीवर २०४ मिनिटं, दुसरीवर १९८. फरक सहाच मिनिटांचा, पण त्यात चित्रपटाचा शेवटच बदलतो. एका प्रतीत ठाकूर गब्बरला मारतो, दुसरीत ऐन वेळी पोलीस येतात. दुसरा फरक पडद्याच्या आकाराचा, म्हणजे चौकटीचा. मोठी प्रत जुन्या टीव्हीसारख्या जवळपास चौकोनी चित्राची, छोटी प्रत रुंद पडद्याची. म्हणजे डीव्हीडीच्या काळात पूर्ण शेवट हवा असेल तर थेटरातली चौकट सोडायची आणि चौकट हवी असेल तर शेवट सोडायचा. हा पेच डिस्क काढणाऱ्यांनी निर्माण केलेला नाही. तो १९७५ सालचा आहे.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि १५ ऑगस्टला 'शोले' लागला. मधे जेमतेम सात आठवडे. सेन्सॉर बोर्डाचा आक्षेप हिंसेवर होता, आणि एके काळी पोलीस अधिकारी असलेला ठाकूर स्वतःच गुन्हेगाराला मारतो यावर तर होताच. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी विरोध केला, पण शेवटी नवा शेवट चित्रित करावा लागला. त्यात ठाकूरचा पाय गब्बरवर पडणार इतक्यात पोलीस पोचतात आणि शिक्षा देणं कायद्याचं काम असल्याची आठवण करून देतात. इमामसाहेबांच्या मुलाच्या, अहमदच्या मृत्यूवर आणि ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावरही कात्री चालली. अहमदच्या प्रसंगातला सांधा लक्ष देऊन पाहिला तर आजही दिसतो. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि लगेच पुढच्या दृश्यात घोडा प्रेत घेऊन गावात शिरतो. हा कट इतका परिणामकारक ठरला की पुष्कळांना तो दिग्दर्शकाचाच वाटतो.

पुढची पंधरा वर्षं प्रेक्षकांनी हीच कापलेली प्रत पाहिली. मूळ शेवट लोकांसमोर आला तो १९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएस कॅसेटवर. भारतात फिरणाऱ्या काही प्रती या परदेशी कॅसेटवरून उतरवलेल्या असाव्यात, त्यामुळे एकाच गल्लीत कुणी गब्बर मेलेला पाहिलेला असे, कुणी पकडलेला, आणि दोघांचंही खरं असे.

आता चौकटीकडे. 'शोले'ची जाहिरात ७० एमएमची झाली, पण तेव्हाचे ७० एमएम कॅमेरे परवडणारे नव्हते. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी तो साध्या ३५ एमएम फिल्मवर टिपला आणि नंतर त्या ४:३ (रुंदी:उंची) चित्रातून २.२:१ ची पट्टी काढून ती ७० एमएमवर मोठी केली गेली. वरखालचा भाग गाळूनच हे साधतं, आणि तो भाग थोडाथोडका नाही, उंचीच्या जवळपास ४० टक्के.

इथे नेहमीचा नियम उलटा होतो. सिनेमास्कोपचा, म्हणजे मुळातच रुंद टिपलेला चित्रपट चौकोनी टीव्हीसाठी केला की डावी-उजवी बाजू कापली जाते, दोघं बोलत असतील तर एकाचं फक्त नाक दिसतं. 'शोले'च्या चौकोनी प्रतीत मात्र कापलेलं काही नसतं. उलट थेटरात न दिसलेलं आकाश आणि जमीन त्यात जास्तीची दिसते. पनवेलजवळ मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर चित्रित झालेला मालगाडीचा हल्ला दोन्ही प्रतींत लागोपाठ पाहावा. चौकोनी प्रतीत गाडीच्या वर रिकामं आकाश राहतं आणि वेग थोडा सैल वाटतो. रुंद प्रतीत गाडी आणि घोडे पडदा व्यापतात. चित्र जास्त दिसतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. दृश्याची मांडणी रुंद पडद्यासाठीच झाली होती.

मग कोणती घ्यावी? एकच ठेवायची तर २०४ मिनिटांची, असं आमचं स्पष्ट मत आहे. चौकटीची उणीव टीव्हीवर थोडीफार भरून काढता येते. १६:९ टीव्हीवर झूम लावला की ४:३ चित्राच्या उंचीतला पाव भाग जातो आणि चित्र १.७८:१ होतं. २.२:१ पर्यंत पोचत नाही, पण बरंचसं फाजील आकाश निघून जातं. कापलेला शेवट मात्र रिमोटच्या कुठल्याही बटणाने परत येत नाही.

खोक्यावरच्या मिनिटांवर विसंबू नये. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम चालतो, पाल पद्धतीचा (भारत आणि ब्रिटनमधल्या टीव्हीचा) व्हिडिओ २५. पालची प्रत करताना सहसा चित्रपट तेवढाच भरधाव चालवतात, म्हणजे वेग ४ टक्क्यांनी वाढतो आणि २०४ मिनिटांचा चित्रपट १९६ मिनिटांत आटपतो. पूर्ण शेवटाची पाल प्रत कापलेल्या एनटीएससी (अमेरिकी पद्धत, सेकंदाला ३० चित्रं, चित्रपटाचा वेग न बदलता) प्रतीपेक्षा दोन मिनिटांनी लहान भरू शकते ती अशी. नुसता आकडा वाचून खरेदी करणारे इथेच फसतात. वेगाबरोबर गाण्यांची पट्टीही चढते, पाऊण अर्धस्वराएवढी. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. राहुल देव बर्मन यांची गाणी ज्यांच्या कानात पक्की आहेत त्यांना ते पहिल्या ओळीतच खटकतं.

म्हणून प्रत पडताळायची ती चालवून. थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जावं, तिथे पोलीस आले की निकाल लागला. मग रेल्वेच्या प्रसंगात घोडा दौडत असताना फ्रेम थांबवून एकेक पुढे सरकवावी. घोड्याला आठ पाय दिसले, म्हणजे एका चित्रावर दुसऱ्याची सावली पडलेली दिसली, तर ती प्रत बहुधा पालच्या मास्टरवरून (ज्या मूळ व्हिडिओवरून प्रती काढतात त्यावरून) एनटीएससीत रूपांतरित केलेली असते. २५ चित्रांतून ३० ओढून काढताना शेजारशेजारची चित्रं एकमेकांत कालवली जातात आणि हा दोष प्लेअर किंवा टीव्ही बदलून जात नाही. शुद्ध एनटीएससी प्रतीतही थांबवलेली काही चित्रं आडव्या रेघांनी दातेरी दिसतात. तो दोष वेगळा आणि चांगल्या प्लेअरवर निघून जाणारा आहे.

डिस्कची मागची बाजूही बरंच सांगते. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, दिसायला रुपेरी. दोन थरांची ८.५ जीबीची, किंचित सोनेरी झाक असलेली. जांभळट दिसली तर ती घरगुती बर्नरवर उतरवलेली नक्कल. २०४ मिनिटं दोन थरांवर पसरली तर आवाजासकट सेकंदाला सरासरी साडेपाच मेगाबिट मिळतात, एका थरावर जेमतेम तीन. तीन मेगाबिटमध्ये धूळ, धूर आणि चित्रीकरण झालेल्या कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांचा खरखरीत पोत चौकोनी ठोकळ्यांत फुटतो. पुढे एका डिस्कवर तीन-तीन चित्रपट कोंबायची पद्धत आली, तिथे अडीच मेगाबिटच उरतात. तसल्या डिस्क घेऊच नयेत.

रुंद प्रत घेताना 'ॲनामॉर्फिक' किंवा '१६:९ साठी' असा उल्लेख शोधावा. पाल डीव्हीडीत ५७६ ओळी असतात. ४:३ चौकटीत वरखाली काळ्या पट्ट्या घालून २.२:१ चित्र बसवलं तर त्यातल्या ३४९ ओळीच चित्राला मिळतात. ॲनामॉर्फिक पद्धतीत चित्र आडवं दाबून साठवतात आणि पाहताना ते परत रुंद होतं, त्यामुळे ४६५ मिळतात. आजच्या मोठ्या टीव्हीवर हा फरक चष्मा पुसल्यासारखा जाणवतो.

महाराष्ट्रात पुष्कळ घरांत चित्रपट आले ते व्हीसीडीवर. तिचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं आणि एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं, म्हणजे 'शोले'ला तीन डिस्क. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्यावर विकत घेणं भाड्याने आणण्याइतकंच सोपं झालं. तुमच्याकडे त्या वेळची व्हीसीडी असेल तर आठवण म्हणून ठेवा, पाहण्यासाठी नको.

२०१४ ची थ्रीडी आवृत्ती या निवडीत धरत नाही. तो सपाट चित्रावर नंतर केलेला संस्कार होता.

सगळ्यात मोठा बदल अलीकडचा आहे. मूळ कॅमेरा निगेटिव्ह व्हिनेगर सिंड्रोमने ग्रासलं होतं. ॲसिटेट फिल्म दमट-उष्ण जागी ठेवली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, डबा उघडताच शिर्क्याचा वास येतो, फिल्म आकसते आणि वाकते. ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर काम करून लंडन आणि मुंबईत सापडलेल्या इंटरपॉझिटिव्हवरून (निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रतींवरून) ४के पुनरुज्जीवन केलं. मूळ शेवट त्यात जागेवर बसवला, गाळलेली दोन दृश्यंही घेतली आणि चौकट २.२:१ ची ठेवली. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात तो खुल्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, तेव्हा ठाकूरचा सूड आणि रुंद पडदा अधिकृतपणे एकाच प्रतीत आले. यापुढे घरी पाहायची कोणतीही प्रत घेताना आधी विचारायचं ते एवढंच: ती या पुनरुज्जीवनावरून काढली आहे की जुन्याच व्हिडिओ मास्टरवरून? नुसतं 'एचडी' किंवा '४के' लिहिलं असेल तर त्यातून हे कळत नाही, कारण जुना मास्टर फुगवूनही ते लिहिता येतं. चौकट चौकोनी असेल किंवा शेवटी पोलीस येत असतील, तर उत्तर मिळालंच.