हायपेक : पोटातील गरम केमोथेरपी

अंडाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठी काढून झाल्यावर, टेबलावरच, औषध मिसळलेला गरम द्राव उदरपोकळीत फिरवण्याची पद्धत.

हा कर्करोग मुख्यतः पोटातच पसरतो. अंडाशयावरून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात आणि आतड्यांवर, यकृताच्या वरच्या पडद्यावर, आतड्यांपुढच्या चरबीच्या पदरावर रुजतात. जत-आटपाडीकडून मिरजेच्या दवाखान्यांत येणारी बाई म्हणूनच गाठीची तक्रार क्वचित सांगते. निऱ्या खोचायला जमत नाही, दोन घासांत पोट भरते, एवढेच ती सांगते. पित्त झाले, गॅस झाला, वय झाले म्हणत महिने जातात आणि सोनोग्राफीत ‘पोटात पाणी’ दिसते, तोवर रोग बहुधा तिसऱ्या टप्प्यात गेलेला असतो. ही हरवलेली वेळ कोणतेही गरम औषध भरून देत नाही.

शिरेतून दिलेल्या केमोपेक्षा पोटात सोडलेले औषध तिथे कितीतरी दाट राहते आणि रक्तात कमी उतरते. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध कर्कपेशीच्या डीएनएची मोडतोड करते. ती दुरुस्त करण्याची पेशीची ताकद उष्णतेने घटते. मात्र औषध दोन-तीन मिलिमीटरच आत शिरते. हरभऱ्याएवढी गाठ मागे राहिली तर तिच्या गाभ्याला ते लागतच नाही. त्यामुळे सगळी मदार आधीच्या काही तासांच्या, चिकाटीने केलेल्या कापणीवर असते.

द्रावाचे तापमान साधारण 41 ते 43 अंश सेल्सिअस ठेवतात. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, त्याहून थोडे वर. पंप नळ्यांतून हा द्राव 60 ते 90 मिनिटे फिरवत राहतो. ‘बंद’ पद्धतीत कातडी तात्पुरती शिवतात आणि सर्जन दोन्ही तळव्यांनी पोट हलवत राहतात, म्हणजे औषध घडीघडीत पोहोचते. उशाशी भूलतज्ज्ञ शरीराचे तापमान आणि लघवीचे प्रमाण पाहत असतात. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना जाचते. त्यांच्या रक्षणासाठी सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात.

माणसावरील पहिला वापर अमेरिकेत जॉन स्प्रॅट यांनी 1980 मध्ये नोंदवला, पण तो पोटातल्या वेगळ्या रोगासाठी. अंडाशयाच्या कर्करोगात वजन पडले ते 2018 च्या डच चाचणीने. तिसऱ्या टप्प्यातल्या 245 स्त्रियांना आधी तीन केमो दिले होते, मग शस्त्रक्रिया झाली. हायपेक मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य (निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या तो काळ) 45.7 महिने, न मिळालेल्यांचे 33.9. गंभीर त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. 2022 च्या कोरियन चाचणीत मात्र सगळ्या 184 स्त्रिया मिळून ठळक फरक दिसला नाही. आधी केमो घेतलेल्यांपुरताच फायदा दिसला. म्हणून ‘हायपेक करून घ्या’ हा सल्ला सरसकट देण्याजोगा नाही. पोट कितपत साफ होईल आणि आधी केमो झाला आहे का, हे घरच्यांनी सर्जनला आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरही शिरेतले केमो, बहुधा तीन, बाकी असतात. ऑपरेशन मुंबई-पुण्याला आणि हे केमो मिरजेला, असे ठरले तर पोटात कोणते औषध, किती मात्रेत, किती मिनिटे दिले आणि किती गाठ उरली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. पुढच्या डॉक्टरांचा हिशोब तिथूनच सुरू होतो.