गहू सोडायच्या आधी जरा थांबा!

इंदूरला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा मेसेज आला, खपली गहू खा, त्यात ग्लूटेन नसतं. साफ खोटं! खपली हाही गहूच, आणि ग्लूटेन हे गव्हातलंच प्रथिन, सिलिअ‍ॅकवाल्याला तोसुद्धा चालत नाही, कारण त्या आजारात ग्लूटेन खाल्लं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं.

मी चिडलो कारण भाचीचं हिमोग्लोबिन दोन वर्षं ९ च्या वर जाईना, लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, एका मावशींनी नजरही काढली. पोट दुखत नव्हतं म्हणून गव्हाचा संशय कोणालाच नाही, आणि शेवटी निघाला सिलिअ‍ॅकच.

आता यातली खरी गंमत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ग्लूटेनमधल्या ग्लायडिन या प्रथिनाच्या माळेत प्रोलिन आणि ग्लूटामिनचे मणी ठासून भरलेले, आणि प्रोलिनपाशी पाचकरसांची कात्री अडते, म्हणून ३३ मण्यांचा एक तुकडा आतड्यात तसाच उरतो. हे तुमच्याही पोटात होतं, बिघडत काही नाही. पण आतड्याच्या अस्तरात ट्रान्सग्लूटामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते त्या तुकड्यातल्या काही ग्लूटामिनचं ग्लूटामेट करतं, म्हणजे तिथे ऋण भार येतो, आणि ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही खाच आहे तिच्यात तो भारित तुकडा चपखल बसतो. मग त्यांतल्या काही जणांत टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, खवळतात आणि आतड्याची आतली मखमल झडून सपाट होते. लोह शोषलं जातं तेही मुख्यतः तिथेच, लहान आतड्याच्या सुरुवातीला. गोळ्या लागू पडणार कशा?

रक्ततपासणी याच एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडीची, टीटीजी-आयजीए, नंतर बहुधा दुर्बिणीने बायोप्सी. आधीच गहू सोडलात तर अँटिबॉडी उतरतात, मखमल भरून येते आणि रिपोर्ट नॉर्मल! म्हणून तपासणी होईपर्यंत पोळी चालूच ठेवायची. सगळं नॉर्मल येऊनही गव्हाने पोट फुगत असेल तर ती वेगळी संवेदनशीलता, त्यात कधी दोष ग्लूटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान या साखरेचा असतो.

सिलिअ‍ॅक निघाला तर मात्र गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. बाफले गेले, जिलबी गेली, पोहे राहिले. ज्वारी-बाजरी-मका चालतं, पण चक्कीवर गव्हामागून दळलेली ज्वारी नाही, म्हणून बहिणीने घरघंटी घेतली. एवढं करूनही भाचीच्या रिपोर्टात अँटिबॉडी पुन्हा वरच, शोधता शोधता सापडला फोडणीतला हिंग, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, गव्हाचं पीठ.