पाइप गोठणे वेगळे, पाइप फुटणे वेगळे

फिलाडेल्फियातील जुन्या, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांत जानेवारीच्या सकाळी स्वयंपाकघरातला नळ कोरडा निघाला, की ‘पाइप गेला’ असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक पाइप गोठणे आणि पाइप फुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामधल्या अवधीतच घर वाचवता येते.

गोठण्याची जागा बहुधा ठरलेली असते. शेजारच्या घरांतील उबेमुळे सामाईक भिंती फारशा गारठत नाहीत (शेजारचे घर रिकामे असेल, तर हा आधारही जातो). पण मागच्या अंगाला काढलेल्या स्वयंपाकघराला दोन-तीन बाजूंनी वारा लागतो, त्याखाली पुष्कळदा तळघर नसते आणि सिंकचा पाइप बाहेरच्या भिंतीलगतच गेलेला असतो. बाहेरचे तापमान उणे ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, की अशा पाइपला खरा धोका असतो.

फुटणे मात्र बर्फ असेल तिथेच होते असे नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि पाइप बर्फापासून दूरही चिरतो. शिवाय बर्फाचेच बूच बसल्यामुळे ही चीर लगेच कळत नाही. बर्फ वितळल्यावर पाणी सुटते.

नळ कोरडा म्हणजे ‘पाणी गेले, संध्याकाळी येईल’ ही सवय घेऊन महाराष्ट्रातून तिथे गेलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे: दाब निघून जावा म्हणून नळ उघडा ठेवणे योग्यच आहे, पण तो तसाच सोडून कामावर निघून जाणे घातक आहे.

पाइप नुसताच गोठला असेल, तर हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून सुरुवात करून तो हळूहळू तापवावा. ज्योत मुळीच वापरू नये, कारण या घरांच्या लाकडी तुळया सामाईक भिंतींत रोवलेल्या असतात आणि लागलेली आग शेजाऱ्याकडेही पोहोचू शकते. पाणी सुरू झाल्यावर सर्व नळ बंद करून मीटरवरची लहान चकती पाहावी. ती फिरतच राहिली, तर पाइप फुटला असे समजून मुख्य व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करावा. हा व्हॉल्व्ह बहुधा तळघरात मीटरजवळ असतो आणि जुना असल्यास गंजून अडकतो, म्हणून तो फिरतो की नाही हे थंडी पडण्यापूर्वीच तपासून ठेवावे.