परदेशी कार्टूनचं काम कुडाळपर्यंत आलं कसं

माझा भाचा कुडाळात एका छोट्या स्टुडिओत परदेशी कार्टूनचं काम करतो म्हटलं की लोकांचं उत्तर ठरलेलं, इंटरनेटची कृपा! पण हे काम इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून देशोदेशी फिरतंय.

पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे स्थिर चित्रं सरकतात, एकच चित्र दोन फ्रेम चालवलं तरी 12 चित्रं काढावी लागतात, म्हणजे 22 मिनिटांच्या एका भागाला 15,840. टीव्हीवाले नुसतं तोंड हलवून बरीच वाचवतात, तरी आकडा हजारांतच. एवढे हात अमेरिकेत परवडेनात म्हणून 1959 मध्येच रॉकी-बुलविंकल या अमेरिकी टीव्ही कार्टूनचं काम मेक्सिकोत गेलं, मग जपान, तैवान, कोरिया, फिलिपिन्स. हॉलिवूडच्या अ‍ॅनिमेटर्सनी यावरून 1979 ला संप केला, 1982 ला पुन्हा केला आणि तो फसला. गोष्ट, स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतला कच्चा आराखडा), आवाज तिकडे, हालचालीच्या मधली चित्रं आणि रंग बाहेर, ही वाटणी तेव्हापासूनची.

मुंबईत 1956 ला सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, आपले नावाजलेले अॅनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बाहेरची मोठी कामं मात्र नव्वदीच्या शेवटी यायला लागली, तिरुवनंतपुरमचा टून्झ स्टुडिओ 1999 चा. कोकणातल्या चित्रं काढणाऱ्या पोरांना तेव्हा मुंबईच गाठायला लागायची, भाचाही आधी चाकरमानीच होता, खोलीचं भाडं परवडेना म्हणून परत आला.

गंमत म्हणजे कुडाळला लागूनच पिंगुळी. तिथले ठाकर कलाकार चित्रकथीच्या पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण सांगतात, 2021 ला परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली ती इथल्या लोककलांसाठी. चित्र त्यांचं, आवाज त्यांचा, सांगायची पद्धतही त्यांचीच. आमच्या भाच्याच्या वाट्याला परदेशी कार्टूनमधल्या अस्वलाचे नुसते बूट.

जुलैत गेलो होतो, बाहेर धो धो पाऊस आणि हा स्क्रीनवर बर्फ पाडत बसलेला. क्लायंटचा रिटेक, म्हणजे पुन्हा करा असा निरोप, आलेला: बर्फ पिठासारखा दिसतोय. रक्कम आधीच ठरलेली, त्यामुळे रिटेकचे तास स्टुडिओच्याच बोकांडी. "मामा, बर्फ कसो पडता ता यूट्यूबार बघूचा लागता," म्हणाला, तेवढ्यात लाईट गेली आणि कसाबसा 60 टक्क्यांवर पोचलेला अपलोड पहिल्यापासून.